दोन किलो नऊशे

पोर्ट केरन, कॉर्नवॉल
१४ सप्टेंबर १९९८

प्रिय जोरी,

हे अक्षर बघून दचकू नकोस, मी अजून जिवंत आहे. गेल्या नाताळला माझं कार्ड आलं नाही तेव्हा तुझ्या मनात नको ते आलंच असेल. बोटं आखडली होती, बाकी काही नाही. फोन केला असता, पण फोनवर आता मला काही ऐकू येत नाही. समोरचा घसा फोडतो आणि मी आपली 'बरं, बरं' म्हणत राहते. तेव्हा पत्रच.

आधी कामाचं सांगते. मी हे घर सोडतेय. पंच्याहत्तरीला टेकले, आणि धक्क्यापासून इथवरच्या एकेचाळीस पायऱ्या आता माझ्याशी वैर धरून आहेत. कौन्सिलने वर टेकडीवर म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली दिलीय. खोली कसली, कोंबड्यांचं खुराडं. नोव्हेंबरात जायचं. माझ्या पेरनची बेस गिटार तिथे मावायची नाही, आणि खरं सांगू का, मावली तरी मला ती तिथे न्यायची नाही. का ते पुढे कधीतरी सांगेन.

गिऱ्हाईक मिळालंय. ट्रूरोचा मिस्टर हॉकिंग, हॉटेलांतून आणि लग्नांतून बेस वाजवतो, एरवी वाद्यं दुरुस्त करतो. पाठीचा मणका सरकलाय, डॉक्टरने खांद्याला जड काही अडकवायचं नाही म्हणून तंबी दिलीय. लाकडाची बेस त्याला झेपत नाही, म्हणून तो कार्बन-फायबरच्या हलक्या जुन्या बेस शोधत गावोगाव हिंडतो. ट्रेगेंझाच्या बोटी बांधायच्या यार्डात दोन पोरांनी, म्हणजे तुम्ही दोघांनी, बोटीच्या साहित्यातून दोन बेस केल्या होत्या हे त्याने कुणाकडून तरी ऐकलं. त्याचा पहिला प्रश्न एकच, वजन किती?

म्हणून मी ती भिंतीवरून काढली. तेरा वर्षांपूर्वी तू खिळा ठोकून टांगलीस, त्यानंतर तिला कुणी हलवलं नव्हतं. काढताना माझा तोलच गेला. क्लेमोने, माझ्या भावाने, ती मासे तोलायच्या काट्याला लावली. चार किलो दोनशे.

आता पेरनची निळी वही माझ्यासमोर आहे. त्याच्याच अक्षरात लिहिलंय: 'दोन्ही एका साच्यातल्या, एकाच दिवशी. माझी दोन किलो नऊशे, जोरीची दोन किलो नऊशे. कुणाला पटत नसेल त्याने काटा घेऊन यावं.' माणूस वयाबरोबर जड होतो ते मी स्वतःवरून जाणते. पण मी तीस वर्षं बोटींची शिडं शिवली, जोरी. कोरडं कापड भिंतीवर टांगून जड होत नाही. तुझी एकदा काट्यावर ठेव आणि मला आकडा कळव. हॉकिंगला काय सांगायचं ते मग बघू.

तुझी
लव्हडे मावशी


स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
२३ सप्टेंबर १९९८

प्रिय लव्हडे मावशी,

तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. एकेचाळीस पायऱ्या मलाही आठवतात. अ‍ॅम्प्लिफायर घेऊन त्या चढलेला माणूस त्या विसरत नाही.

माझी बेस तोलली. दोन किलो नऊशेच आहे. पेरनची जड लागली त्याचं कारण साधं आहे. त्या बेसना डोकं नाही, खुंट्या खालच्या टोकाला, अंग छोटंसं. त्यामुळे पट्ट्यावर टांगली की तोल नीट राहत नाही. पुढे पेरनला ते सलायला लागलं, तेव्हा मी मागून आत थोडं शिसं बसवून दिलं होतं. वहीत लिहायचं राहून गेलं असेल.

पण मावशी, ती विकू नका. हॉकिंगसारखी माणसं अशी वस्तू घेतात, दोन वर्षं वाजवतात आणि पुढच्याला देतात. मी वसंतात येतो आणि घेऊन जातो, तोवर क्लेमोमामांच्या माडीवर ठेवा. आणि कुणालाही तिला उघडू देऊ नका. आम्ही दोन अर्धी कवचं साच्यात केली होती, मग ती तोंडाला तोंड लावून चिकटवली. एकदा फोडलं की पुन्हा तसं होत नाही.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? तुमची लोकरीची चादर आम्ही पळवली होती, साच्यातली राळ, ते रेझिन, सुकेपर्यंत दिव्यांखाली दोघींना पांघरूण घालायला. बाहेर काढल्यावर माझीच्या मानेला कडेने एक गाठ राहिली होती, त्याची कशी लोण्यासारखी गुळगुळीत. एवढाच फरक होता. पेरन माझे डोळे बांधून दोन्ही वाजवायचा आणि म्हणायचा, सांग, आता कुठली? मला कधीच सांगता आलं नाही. त्याचे डोळे बांधले की तो मात्र अंगठा गाठीवर फिरवून घ्यायचा, लबाड.

इथे सगळं ठीक. यार्डात काम भरपूर आहे.

तुमचा
जोरी


पोर्ट केरन
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय जोरी,

शिसं म्हणे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मंगळवारी हॉकिंग येऊन गेला. बरोबर स्वतःची कारखान्यातली कार्बनची बेस आणली होती, तुलना करायला. दोन्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि डॉक्टरने छाती ठोकावी तशा बोटाने ठोकल्या. त्याची रिकाम्या बादलीसारखी वाजली. आपली नुसती ठक्क. मग लहान अ‍ॅम्प लावून वाजवल्या. म्हणाला, बाई, अशी मान मी आयुष्यात हातात धरली नाही, चौदा वर्षांत केसाइतकी वाकलेली नाही. लाकूड असतं तर एव्हाना दोनदा सरळ करून घ्यावं लागलं असतं. पण अंग मुकं आहे, हिच्या पोटात कुणीतरी काहीतरी भरलंय. मी तुझं शिसं सांगितलं. तो हसला. शिसं एका जागी असतं, हे सगळीकडे आहे, आणि मागे तळव्याएवढा चौकोन कापून पुन्हा बुजवलाय तो बघा, म्हणाला. मी चष्मा लावून बघितला. आहे, जोरी. तेरा वर्षं भिंतीकडे तोंड करून होता तो चौकोन.

तो म्हणतो, मी मागून उघडतो, आतला गाळ खरवडून टाकून देतो, पुन्हा हलकी होईल. वीस तारखेला न्यायला येणार आहे. मी हो म्हटलंय.

तू रागावशील, म्हणून का ते आता सांगते. क्लेमोला सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

ती बेस बोलते. धुकं पडलं आणि दीपगृहाचा भोंगा सुरू झाला की भिंतीवर ती घुमायला लागते. माझे कान गेलेत, पण तळहात भिंतीला लावला की कळतं, फळीवरच्या बशा थरथरतात. पहिली काही वर्षं मला ते आवडायचं. वाटायचं, पोरगं घरात आहे. मग भीती वाटायला लागली. कारण तो पोचलेला नाही हे मला माहीत आहे.

तो गेला त्या एप्रिलात आम्ही त्याची राख घेऊन गेलो, हेडलीची बोट जिथे बुडाली तिथे. बाप आणि लेक एका ठिकाणी असावेत एवढंच माझं मागणं होतं. मी पेटी पाण्यावर उपडी केली आणि, जोरी, राख बुडाली नाही. पिठासारखी पाण्यावर पसरली. आम्ही वल्हवत परत निघालो तर ती आमच्या मागे मागे येत राहिली, वल्ह्यांना चिकटली, होडीच्या बुडाला चिकटली. धर्मगुरू दुसरीकडे बघायला लागले. क्लेमो म्हणाला, वाऱ्यामुळे. कसला वारा, पाणी आरशासारखं होतं. भरतीबरोबर ती पार धक्क्याच्या उतारापर्यंत आली. मी इतरांची राख बघितलीय. वाळू टाकावी तशी सरळ खाली जाते. माझ्याच पोराला समुद्राने घेतलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला मी धक्क्यावर जाऊन त्याला सांगते, जा रे बाबा, तुझे वडील वाट बघतायत, माझं काही चुकलं असेल तर मला माफ कर पण जा. तेरा वर्षं झाली. आणि धुकं पडलं की इथे भिंत घुमते. ते नवीन खोलीत मला नको आहे. हॉकिंगने खरवडू दे. पोट रिकामं झालं की ती कदाचित गप्प बसेल.

तुझी
लव्हडे मावशी


स्ट्रॉमनेस
९ ऑक्टोबर १९९८

मावशी,

हॉकिंगला दार उघडू नका. हे पत्र वेळेत पोचेल की नाही याचा भरवसा नाही म्हणून मी आत्ताच तुमच्या पोस्टातल्या मिसेस ब्रे यांना फोन केला. त्या स्वतः वर येऊन तुम्हाला निरोप देतील की बेस कुणाच्या हाती द्यायची नाही, तिच्यात पेरनचं काहीतरी आहे. त्यांना एवढंच सांगितलंय. बाकीचं तुम्हाला सांगतो.

त्या पेटीत पेरन नव्हता.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या यार्डात रीत होती, आपल्यातला कुणी गेला की त्याच्या राखेची पेटी यार्डातच करायची, त्याने शेवटच्या ज्या बोटीवर काम केलं तिच्या उरलेल्या लाकडातून. पेरनची मी केली, महॉगनीची. त्यासाठी तीन दिवस त्याची राख तुम्ही माझ्याकडे ठेवली होती. रविवारी सगळे प्रार्थनेला गेले होते. मी यार्डात एकटा होतो. मी त्याच्या बेसच्या पाठीला चौकोन कापला, त्याला आत ठेवलं, थोडंसं रेझिन शिंपडून बसवलं आणि चौकोन परत बंद केला.

पेटीत मी आमचं 'पीठ' भरलं. रेझिन दाट करायला मिसळतो ती पांढरी भुकटी, काचेचे डोळ्यांना न दिसणारे पोकळ फुगे असतात ते. रंग यावा म्हणून शेगडीतली थोडी राख मिसळली. ती फार हलकी, म्हणून पेटीच्या तळाखाली शिसं ठोकलं. शिशाचं मी अगदीच खोटं लिहिलं नव्हतं, जागा खोटी सांगितली. रंग बघितला, वजन बघितलं, पेटी हलवून आवाज बघितला. ती भुकटी पाण्यावर तरंगते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. यार्डात काल आलेल्या पोरालाही ते माहीत असतं. तरंगते म्हणूनच तर आपण ती बोटींत घालतो.

मी धक्क्यावर उभा होतो. होडीमागे तो पांढरा पट्टा येताना मी बघितला. मला वाटलं, तुम्हाला कळलं. आता खाली उतराल आणि माझ्या तोंडात माराल. तुम्ही उतरलात आणि मला म्हणालात, 'जोरी, तो जात नाहीये रे.' तेव्हाच सांगायला हवं होतं. जूनमध्ये इथे निघून आलो.

त्याचंच मागणं होतं, मावशी. हॉस्पिटलात मला म्हणाला होता, समुद्रात नको, त्याने बाबांना खाल्लं, मला बेसमध्ये ठेव. मी शब्द पाळला. पण तेरा वर्षं तुम्ही धक्क्यावर जाऊन त्याची माफी मागत होतात हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं.

आणि ती घुमते ते त्याच्यामुळे नाही. भोंग्याचा सूर तिच्या जाड तारेच्या सुराशी जुळतो. कुठलीही तार असती तरी घुमली असती.

जोरी


पोर्ट केरन
३० ऑक्टोबर १९९८

जोरी,

मिसेस ब्रे दहा तारखेलाच धापा टाकत आली. तुझं पत्र चार दिवसांनी. वीसला हॉकिंग दारात उभा राहिला, मी त्याला चहासुद्धा न देता परत पाठवलं. बिचाऱ्याचा काय दोष? मणक्यावर हात ठेवून एकेचाळीस पायऱ्या उतरला.

तुला हे पत्र लिहायला दहा दिवस लागले. आधी तीन लिहिली, ती चुलीत घातली. त्यांतल्या शिव्या क्लेमोलासुद्धा नवीन होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेरा वर्षं मी गुडघे मोडत धक्क्यावर जाऊन यार्डाच्या भुकटीशी बोलत होते. एकदा तर, वेड्या बाईसारखी, पाण्यात पाय घालून उभी राहिले आणि त्याच्यावर ओरडले. आणि तो माझ्या स्वयंपाकघरात होता. दर शनिवारी मी त्याच्यावरून फडकं फिरवत होते. 'ही धूळखाऊ बया कधी जाईल इथून' असंही म्हणाले आहे मी, त्याच्या तोंडावर. तू माझा मुलगा घेतलास ते एक वेळ बाजूला ठेवीन. पण त्याला नीट निजवता आलं नाही, मी आई म्हणून कमी पडले, हे ओझं तू मला दिलंस आणि सहाशे मैलांवर जाऊन बसलास. नाताळला कार्डं पाठवत राहिलास, बर्फातल्या मेंढ्यांची.

आता दोन प्रश्न विचारते. सरळ उत्तर दे.

एक. तो गेला त्याच्या आधीच्या मंगळवारी तू खाली चहा आणायला गेला होतास. तेव्हा माझा हात धरून तो म्हणाला होता, मला बाबांजवळ सोड. स्वच्छ शब्दांत म्हणाला. तो प्रत्येकाला त्याच्या मनासारखं उत्तर द्यायचा हे मी जाणते, लहानपणापासून तसाच होता. म्हणून विचारते. तुला तो खरंच तसं म्हणाला होता का?

दोन. चार किलो दोनशेतून दोन किलो नऊशे गेले की एक किलो तीनशे उरतात. अंत्यसंस्कारवाल्यांची पावती मी जपून ठेवलीय, राखेचं वजन दोन किलो तीनशे. शिडं शिवणाऱ्या बाईला वजाबाकी येते. बाकीचा माझा मुलगा कुठे आहे?

लव्हडे नान्स


स्ट्रॉमनेस
१७ डिसेंबर १९९८

प्रिय मावशी,

उत्तराला सात आठवडे लावले. रोज कागद घेऊन बसायचो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. माझी बेस तीन किलो नऊशे आहे. मी तुम्हाला खोटा आकडा कळवला होता. त्याच्या बेसमध्ये तो पुरता मावला नाही. उरलेला एक किलो माझ्यात आहे. म्हणजे माझ्या बेसमध्ये.

इथे मी शनिवारी गावच्या नाचाच्या बँडमध्ये वाजवायचो. लोक विचारायचे, अरे, ही कार्बनची ना, लोक हलकी म्हणून घेतात ना ही? मग तू बसून का वाजवतोस? डावा खांदा दुखतो म्हणून सांगायचो. आवाजही पहिल्यासारखा राहिला नाही. पूर्वी कुठलाही सूर घ्या, सगळे सारखे लांब चालायचे, लाकडात असतो तसा एखादा मेलेला सूर नव्हताच. आता खालचे सूर ओठाशी येऊन थांबतात. गेली चार वर्षं मी ती वाजवलेली नाही. खोलीत खुर्चीवर ठेवलेली असते. माझ्या खिडकीतून दीपगृह दिसत नाही, इथे भोंगा ऐकू येत नाही, मावशी, तरी ती घुमते. तुम्हाला मी तारेचं आणि सुराचं शास्त्र लिहिलं, पण स्वतःच्या खोलीत मला ते पटवता येत नाही. जेवताना मी तिच्याकडे पाठ करून बसतो. मग लाज वाटते आणि पुन्हा खुर्ची वळवतो.

आता पहिला प्रश्न.

नाही. तो मला तसं कधीच म्हणाला नाही. समुद्राबद्दल नाही, बेसबद्दल नाही. शेवटच्या आठवड्यात तो माझ्याशी फक्त साच्याबद्दल बोलायचा, पुढची केली तर मान अजून बारीक करू म्हणायचा. मी माझ्या मनाचं त्याच्या तोंडी घातलं. ऑक्टोबरात तुम्हाला लिहिताना मला ते खरंच वाटत होतं, इतक्या वर्षांत मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं.

मग का केलं ते सांगतो. हे सांगून तुम्हाला दुखवायचं नाही, पण तुम्ही सरळ उत्तर मागितलंत. अंत्यविधीच्या आधी शुक्रवारी मी पेटीचं माप घ्यायला आलो होतो. मी विचारलं, होडी किती वाजता निघणार? तुम्ही शिवत होतात, मान वर न करता म्हणालात, 'सकाळी दहाला. पण होडीत घरचेच असतील, जोरी.' मी बरं म्हटलं आणि माप घेतलं.

शिडं शिवायच्या माडीवर त्याच्याबरोबर मी चार वर्षं राहिलो होतो. हॉस्पिटलात त्याचं तोंड मी पुसायचो. आणि दहा वाजता मी धक्क्यावर उभा राहून दोरी सोडणार होतो, बस्स. रविवारी यार्डात ती पेटी समोर ठेवून बसलो तर मला तो देववेना. दुसरं काही कारण नाही. मला तो सोडवला नाही.

तुम्ही सांगाल ते करीन. माझी पाठवून द्या म्हणालात तर पाठवतो. पोलिसांत जा म्हणालात तर जातो. तुम्ही मला पुन्हा पत्र लिहिलं नाहीत तरी मी समजून घेईन.

जोरी


टेकडीवरची खुराडी, खोली क्रमांक नऊ
पोर्ट केरन
४ जानेवारी १९९९

जोरी पोरा,

पोलिसांत जा म्हणे. आमचा हवालदार अजून मागच्या वर्षीची हरवलेली शेळी शोधतोय, त्याला कशाला त्रास?

खोली तितकी वाईट नाही. शेजारची बाई दिवसभर बोलते, मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं. पेरनला मी बरोबर आणलं. मावतो तो. पलंगाच्या आणि कपाटाच्या मध्ये उभा केलाय, भिंतीकडे तोंड करून नाही, खोलीकडे तोंड करून. नाताळला धुकं पडलं तेव्हा मी त्याच्यावर हात ठेवून बसले. घुमला. तार असेल नाहीतर तो असेल, मी भांडले नाही.

तुझं पत्र मी एका दिवसात चार वेळा वाचलं आणि मला तो शुक्रवार आठवला. तू सांगितलंस तसाच होता. मी मान वर केली नाही, कारण वर केली असती तर तुझं तोंड बघावं लागलं असतं. तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं? त्या माडीवर मी चार वर्षं दर रविवारी एक पुडिंग आणि दोन चमचे पाठवत होते. आईला न कळायला काय झालं? पण होडीत धर्मगुरू होते, धक्क्यावर अख्खं गाव होतं, आणि तू कोण म्हणून बसवायचं त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. म्हणून 'घरचेच' म्हणून मोकळी झाले. माझी भित्री जीभ. तू चोरी केलीस, पण दाराला कडी आतून मी घातली होती. तुझं जे चुकलं ते चुकलंच, ते मी माझ्या अंगावर घेणार नाही. धक्क्यावरची ती तेरा वर्षं मी तुला सहजासहजी माफ करीन असंही समजू नकोस. पण माझं मी तुला सांगायला हवं होतं, ते सांगितलं.

सात आठवडे तो माझ्या पलंगाशेजारी आहे आणि आता मला कळतंय तुला काय झालं होतं. मलाही तो सोडवत नाही. सकाळी उठले की आधी त्याच्याकडे बघते. पण मला त्याने सांगितलं होतं, जोरी, हात धरून सांगितलं होतं. तेव्हा माझ्याकडचा पेरन मी त्याच्या बापाला देणार आहे. उघडायचं, खरवडायचं काही नाही, त्याने स्वतःच्या हाताने केलेल्या त्या कवचासकट जाईल. क्लेमो म्हणतो, बंद पोकळ वस्तू आहे, ती तरंगेल. तरंगलेलं मी पुन्हा बघणार नाही. तू बोटी बांधणारा आहेस, तेव्हा कुठे किती भोकं पाडायची ते तू बघ. मला तो खाली जाताना बघायचा आहे.

तुझ्याकडचा एक किलो तुझ्याकडेच राहू दे. त्याने तुला तसं सांगितलं नव्हतं, ठीक आहे, मी सांगते. त्याची आई सांगते. ठेव त्याला. आणि खुर्चीवर बसवून पाठ करून जेवू नकोस, खालचे सूर अडखळत असले तर अडखळू देत, पण वाजवत जा.

एप्रिलच्या अकराला ये. पेटीचं लाकूड शोधू नकोस, या वेळी पेटी नाही. धर्मगुरूंना मी बोलावलेलं नाही. सकाळी दहाला निघू. क्लेमो वल्हवेल, मी मागे बसेन, पेरनला मध्ये ठेवू, आणि तू पुढच्या फळीवर बस, माझ्याकडे तोंड करून. होडीत घरचेच असतील.

तुझी
लव्हडे मावशी